नूतनला सांगितल्यावर

माझा धाकटा भाऊ प्रशील जळगावात विजेच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. कूलर त्याच्या हातचे, पाण्याचे पंप त्याच्या हातचे. उन्हाळा लागला की त्याला जेवायला फुरसत नसते. तिशीचा आहे, मिशी राखतो, दारू-गुटख्याला शिवत नाही. जन्मला तेव्हा सोनगीरला सगळ्यांना वाटलं मुलगी झाली. तो मात्र कळायला लागल्यापासून सांगत होता की मी मुलगा आहे. पुढे औषधं, ऑपरेशन, कागदपत्रं यांत उमेदीची वर्षं गेली. "बठ्ठं गाव इचारस," सगळ्या गावाच्या प्रश्नांना कंटाळून आई एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, तेव्हा आबांनी, आमच्या वडलांनी, खाटेवरून मानही न वळवता सांगितलं, "इचारू दे. मना पोऱ्या शे तो." माझा मुलगा आहे तो, असं आबांनीच म्हटल्यावर घरातला विषय तिथं संपला.

मला वाटलं, आता सुटला. कसला सुटतो!

धुळ्याच्या एसटीत पूर्वी बाया सरकून त्याला जागा द्यायच्या. आता त्याच वयाच्या बाया त्याला पाहून मधे पिशवी ठेवतात. संध्याकाळी गल्लीत पुढे चालणारी मुलगी मागं वळून बघते नि झपाझप पाय उचलते, मग हा शहाणा उगीच मोबाईल काढून उभा राहतो, तिला लांब जाऊ देतो. त्याला त्याचं वाईट वाटतं आणि आपण पुरुष दिसतो याचं बरंही वाटतं. दुकानाचे मालक प्रेमराजभाऊ, ज्यांना यातलं काही माहीत नाही, स्थळं घेऊन त्याच्यामागं हात धुऊन लागलेत. असा निर्व्यसनी पोरगा बिनलग्नाचा राहिलेला त्यांना बघवत नाही.

लग्न तर त्यालाही करायचंय. घोडं अडतं ते सांगण्यापाशी. लवकर सांगितलं तर मुलगी फोन उचलत नाही, उशिरा सांगितलं तर फसवलं म्हणते. पहिली म्हणाली, "म्हणजे आपण मैत्रिणीच की!" दुसरीनं एका बैठकीत इतके प्रश्न विचारले की पोलीस परवडले, आणि घरी जाऊन ब्लॉक केलं. मला त्या दोघींचा अजून राग येतो.

मग नूतन भेटली. भडगावची, इथं एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिनं दुरुस्तीला आणलेला कूलर उन्हाळाभर बिघडतच राहिला, काय समजायचं ते समजा. दोघं मेहरूण तलावाकाठी फिरायला लागली. "तू माझं बोलणं तोडत नाहीस," ती म्हणायची. "तू इतर पुरुषांसारखा नाहीस." हे तो मला येऊन सांगायचा आणि ताटातली पोळी तशीच राहायची. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गेल्या रविवारी त्यानं तिला सगळं सांगितलं. तिथून परस्पर माझ्याकडे आला आणि हातपाय न धुता भिंतीला टेकून बसला. मी पाणी दिलं.

"गेली ना?"

"नही."

"मग असं तोंड का?"

ती हसली म्हणे. त्याचा हात घट्ट धरून म्हणाली, "म्हणूनच! तरी मी म्हणत होते, पुरुषाला एवढं कसं समजतं? मला पुरुषांचा वीट आलाय रे. तू तर आतून आमच्यातलाच." त्यानं सांगून पाहिलं की ऐकून घ्यायचा स्वभाव माझा आहे, आबाही असेच आहेत. तिनं ते कानाआड केलं. मग ती आपल्या पाळीच्या दुखण्याबद्दल बोलत बसली, अगदी मोकळेपणानं, आणि हा ऐकत बसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तोंडावर सांगायचं ना तिला, मी पुरुष आहे म्हणून!"

"कितींदा सांगू, अक्का?" तो म्हणाला. "सोडी गई असती ते बरं व्हतं. रडी लेतू, मोकळा व्हतू."

ती सोडून गेली असती तर रडून मोकळा झाला असता म्हणे. भाकरी टाकू का विचारलं, तो नको म्हणाला. येत्या रविवारी तिनं पुन्हा बोलावलं होतं.

"जाशील?"

"जासू." त्यानं डोळे मिटून घेतले. "दुसरीले परत पयलापाइन सांगाले आते मना आंगमा जीव नही."