संगमावरची गूळतुला

नांदेडच्या फलाटावर माझ्याआधी गूळ गाडीत चढला. गोणपाटात बांधलेल्या ढेपा हमालांनी डब्यात रचल्या, त्यांच्याशेजारी आईने आपली वळकटी ठेवली आणि उरलेल्या जागेत मी कसाबसा मावलो. समोरच्या बाकावर निजामाबादकडे निघालेले एक गृहस्थ होते. ते बराच वेळ ढेपांकडे आणि माझ्या शेरवानीकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, की साहेबांची आडत कुठे आहे. मी म्हणालो, "आडत नाही. हा सगळा गूळ म्हणजे मीच आहे." ते गृहस्थ उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

वाचकांना मात्र सगळं सांगायला हवं. मी वर्षाचाही नव्हतो तेव्हा मला असा ताप आला, की वैद्यांनी आशा सोडली. आई त्या वेळी बिलोलीजवळ माहेरी होती. तिने मला उचललं आणि गोदावरीला जिथे मांजरा येऊन मिळते, तिथल्या महादेवापुढे नेऊन ठेवलं. त्या गावाचं कागदोपत्री नाव निराळं आहे, पण आमच्या भागात सगळे त्याला नुसतं 'संगम' म्हणतात. पोर जगलं तर त्याच्या भारंभार गूळ इथे वाटीन आणि तोवर स्वतः गूळ तोंडात घालणार नाही, असं ती देवाला बोलून आली. मी जगलो, हे उघडच आहे.

नवस मात्र राहून गेला. पहिल्या वर्षी पाऊस पडला नाही. मग वडिलांची बदली लातूरला झाली, पुढे माझं शिक्षण हैदराबादेत आणि वकिली नांदेडात. वडील दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या शिवरातीला जाऊ." ते गेले तरी ती शिवरात्र काही उजाडली नाही. या सगळ्या काळात मी मात्र खाऊनपिऊन वाढत होतो आणि माझ्याबरोबर देवाचं देणंही वाढत होतं. घरात आम्ही सगळे एवढंच समजून होतो, की आईला गोड आवडत नाही. होळीला ती पुरणपोळीऐवजी आमटी-भाकरी खायची आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

यंदाच्या संक्रांतीला माझ्या बायकोने आईच्या हातावर तिळगूळ ठेवला. आईने नेहमीसारखा तो दुसऱ्याच्या हातावर सरकवला. बायको म्हणाली, आज तरी एक दाणा खाच. तेव्हा आई सगळं सांगून गेली, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. शेवटी म्हणाली, "आता माझं काही खरं नाही. एकदा गुळाची चव घेऊन जाईन म्हणते." माझी पस्तिशी उलटली होती. इतकी वर्षं मी तिच्यासमोर बसून पोळ्या हाणल्या होत्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग काय, कोर्टातल्या तारखा पुढे ढकलल्या. एका जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर शेरवानी उतरवून माझं वजन केलं. ते दोन मणांच्या वर भरलं, तेव्हा तिथल्या हमालांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. तेवढा गूळ घेतला. त्याखेरीज आईने एक लहानसा खडा स्वतः निवडला आणि दस्तीत (रुमालात) बांधून कमरेला खोचला. तो तिचा स्वतःचा. नवस फिटला की तो खायचा, आणि खायचा तो संगमावरच. जिथं सोडला तिथंच धरायचा, असं तिचं म्हणणं होतं.

धर्माबादला ग्यानबाची बैलगाडी ठरवली. ग्यानबा पन्नाशीचा, बोलका माणूस. बैल देवणीचे, पांढऱ्या अंगाचे, त्यातल्या एकाचं तोंड शाई सांडल्यासारखं काळं. ग्यानबा त्याला काळतोंड्या म्हणे आणि त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोले. माघातले दिवस होते. काळ्या रानात शाळू हुरड्यावर आला होता, बांधाला करडई पिवळी झाली होती आणि हवेत अजून सकाळचा गारवा होता. नांदेडच्या गल्लीत राहून माझ्या डोळ्यांना इतकी मोकळी जागा बघायची सवय राहिली नव्हती. आई मात्र प्रत्येक ओढा ओळखत होती.

दुपारी एका शेतकऱ्याने हाक मारून आम्हाला हुरड्याला बसवलं. गोवऱ्यांची आर पेटली, कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम दाणे पुढ्यात आले. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. मी दोन्ही हातांनी खात होतो. आईने गूळ बाजूला सारून चटणी घेतली. शेतकऱ्याची बायको आग्रह करू लागली, तेव्हा आई हसून म्हणाली, "उद्या या वेळेला खाईन." तिच्या चेहऱ्यावर मी असा आनंद फार दिवसांत पाहिला नव्हता.

आम्ही गाडीकडे परतलो तर काळतोंड्या मान लांब करून गोणपाटाच्या आत तोंड घालून उभा होता. एका ढेपेचा कोपरा गुळगुळीत झाला होता. मी बोलायच्या आतच ग्यानबाने कान पकडले.

"वकीलसाब, लई न्हाई खाल्ला. निस्ता चाटून राह्यला व्हता."

बैल ओठांवरून जीभ फिरवत माझ्याकडे बघत होता. आम्ही गोणपाट आवळून बांधलं आणि पुढे निघालो.

संध्याकाळी संगम दिसला आणि मी गाडीतून उतरून उभाच राहिलो. डावीकडून गोदावरी येते, रुंद आणि हिरवट. उजवीकडून मांजरा येते, तांबूस आणि जरा घाईत. दोघींची पाणी एकदम मिसळत नाहीत. बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि मग कुठे एक होतात. पलीकडच्या काठाशी खडकावर महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि देव दोन-तीन महिने नदीतच राहतो. अलीकडचं गाव मराठी बोलतं, पलीकडचं तेलुगू. या काठाला ज्वारी, त्या काठाला भात आणि ताडाची झाडं. हद्द म्हणाल तर मधलं पाणी, पण म्हशी ती दिवसातून चारदा ओलांडतात. आम्ही अलीकडच्या धर्मशाळेत पिठलं-भाकरी खाऊन मुक्काम केला.

सकाळी पलीकडे जायला पुट्टी (वेताची, कातडं मढवलेली गोल होडी) होती. ती चालवणारी पोशव्वा नावाची बाई. नवरा मासळीला गेला की बांबू तिच्या हातात. तिने आधी ढेपांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोन खेपा कराव्या लागतील असं सांगितलं. पहिल्या खेपेत गूळ आणि सोबतीला ग्यानबा गेला, दुसऱ्या खेपेत मी आणि आई. पुट्टी सरळ जात नाही, गरगरत जाते. मी डोळे मिटून कडा धरून बसलो होतो आणि आई पाण्यात हात घालून बसली होती.

देवळासमोर चिंचेच्या जाड फांदीला नवसासाठीच ठेवलेला लाकडी तराजू टांगला होता. दोन्ही काठांची माणसं जमली होती. एका पारड्यात मला बसवलं, दुसऱ्यात ढेपा रचल्या. मी खालीच. शेवटची ढेप चढली तरी माझं पारडं जमीन सोडेना. गर्दीत हसू फुटलं. पुजारी आईला म्हणाले, की पुराणातल्यासारखं एक तुळशीचं पान ठेवा, देव मानून घेतो. आईने मान हलवली.

"मी गूळ बोलले होते. पान नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाना, तो कोट उतरव आधी. नवस तुझ्या अंगाचा हे, कोटाचा नाही."

शेरवानी उतरली, टोपी उतरली, जोडा उतरला. भर कोर्टात उलटतपासणी घेणारा माणूस सदऱ्या-धोतरात पोत्यासारखा लोंबकळत होता. पारडं वर आलं, पण अगदी बरोबरीला येईना. ओंजळभर गूळ कमी पडत होता. गर्दीत मागे उभा असलेला ग्यानबा जमिनीकडे बघू लागला. काळतोंड्याचा वाटा आता हिशेबात निघाला होता.

आईने क्षणभर थांबून कमरेची दस्ती सोडली. तो खडा तिने तळहातावर घेऊन पाहिला आणि पारड्यात ठेवला. तराजूची दांडी आडवी झाली. लोकांनी महादेवाचा गजर केला. मी वर टांगलेला होतो आणि मला गलबलून आलं होतं, कारण तिने काय ठेवलं ते तिथे मला एकट्यालाच माहीत होतं.

ढेपा फोडल्या आणि आईने आपल्या हाताने गूळ वाटला. मराठी बाया, तेलुगू बाया, म्हातारे, पोशव्वा, ग्यानबा, सगळ्यांना. पुजाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, की तुलेचा गूळ देणाऱ्याच्या घरच्यांनी खायचा नाही. आईला ते ठाऊकच होतं. वाटून झाल्यावर ती नदीवर गेली आणि बोटांना लागलेला गूळ वाळूने घासून घासून धुतला.

मी पुजाऱ्यांना दुकानाचं विचारलं. दुकान नव्हतं आणि आठवडी बाजार होऊन गेला होता. कुणाच्या घरून मागून आणतो म्हणालो, तर आईने हात धरला.

"देवाच्या दारी येऊन मागायचा नाही. नवस फिटला, झालं. पुढच्या शिवरातीला येऊ."

तिच्या तोंडून वडिलांचंच वाक्य आलं. पुढची शिवरात्र म्हणजे काय, हे आमच्या घरात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण ग्यानबा बैल जुंपायला आधीच्या खेपेत परतला होता आणि आई पुट्टीत जाऊन बसलीसुद्धा. परतीच्या वाटेवर मला पाणी, ताड, देऊळ काही दिसत नव्हतं.

पोशव्वाने आमचं बोलणं काठावर ऐकलं असावं. ती थोडंफार मराठी समजे. हिरवं आणि तांबडं पाणी जिथे एकमेकांना लागतं, तिथे तिने बांबू तळाला रोवला आणि पुट्टी थांबवली. पदराची गाठ सोडून तिने मघाचा गूळ काढला आणि आईपुढे धरला.

"अम्मा, इदि नादि. मीकु इस्तुन्ना." (आई, हे माझं आहे. तुम्हाला देते आहे.) आम्हाला कळलं नसेल असं वाटून ती मराठीत म्हणाली, "बेल्लम (गूळ) आता माझा हाय. मी देऊन राह्यले."

मला वाटलं, आई नाही म्हणणार. ती बोलल्या शब्दाला जागणारी, तुळशीचं पानसुद्धा नाकारणारी. त्यात हा तुलेचाच गूळ. आई त्या खड्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"वकील हेस ना. सांग, हा कुणाचा?"

आयुष्यात इतका सोपा खटला माझ्याकडे आला नव्हता आणि इतका महत्त्वाचाही. मी म्हणालो, "दिलेलं दान घेणाऱ्याचं होतं. तो गूळ पोशव्वाबाईंचा आहे. त्यांनी कुणाला द्यावा, तो त्यांचा हक्क."

आईने नदीला हात जोडले आणि गूळ घेऊन तोंडात टाकला. दात थोडेच उरले होते, म्हणून ती चावत नव्हती, गालात धरून बसली होती. डोळे मिटलेले. पुट्टी जागच्या जागी हळूहळू फिरत होती आणि आम्ही दोघं आईच्या तोंडाकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि लहान मुलीसारखा तळहात पुढे केला.

"अजून थोडा दे गं."

पोशव्वा हसली आणि पदरातला होता नव्हता तो सगळा गूळ तिने त्या तळहातावर ठेवला.

परतीच्या वाटेवर विशेष काही घडलं नाही. ग्यानबा धर्माबादपर्यंत आमच्याकडे न बघता गाडी हाकत होता. उतरताना आईने उरलेल्या गुळातला एक खडा काळतोंड्याच्या तोंडात घातला, तेव्हा कुठे ग्यानबा मोकळा झाला. आगगाडीत या खेपेला जागा भरपूर होती. आई खिडकीशी बसून गोदावरी दिसेनाशी होईपर्यंत बाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे.

प्रवास करून माणूस काय घेऊन येतो, असं लोक विचारतात. मी गेलो तेव्हा जेवढा होतो तेवढाच परत आलो, शेरवानीसकट. पण परवा बायको माझ्याकडे तक्रार घेऊन आली. आईच्या उशाखाली मुंग्यांची रांग लागली आहे, रोज झाडते तरी पुन्हा येतात, म्हणाली. मी जाऊन उशी उचलून पाहिली. खाली दस्तीची छोटी गाठ होती. मी उशी होती तशी ठेवली आणि बायकोला म्हणालो, राहू देत मुंग्या.