फुटलेल्या तबकडीचं गाणं

"बंद कर रे ते गाणं, नाही तर वरात वापस नेतो!"

नवरदेवाचा काका नामदेवराव मांडवात उभा राहून असा ओरडला, की आमच्या इंझोरी गावातला आवाज ऐकून दूरच्या मेडशीच्या म्हशींनी दावी तोडली असतील. मी नवरीचा भाऊ. हात जोडलेले... पण डोकं असं तापलेलं की वर भांडं ठेवलं असतं तर चहा उकळला असता.

आधीच सांगतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मसणवट्यात बसून हुरडा खाणारा माणूस आहे मी. तेव्हा नाकं मुरडू नका.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. एका सिनेमाचं गाणं तेव्हा वाशीमच्या हॉटेलाहॉटेलात वाजायचं. त्यातली बाई म्हणते — तू गेलास, बरं झालं. दिवा मात्र मी विझवत नाही. आता हे कोणाला? नवऱ्याला, देवाला, की गेलेल्या लेकराला? ठाऊक कोणालाच नव्हतं, खात्री मात्र प्रत्येकाला होती! बाजारच्या दिवशी आमची कमल हॉटेलापुढं थबकायची आणि बाबा तिला अर्ध्या गाण्यातून ओढून न्यायचे. लग्नात तिनं एवढंच मागितलं होतं, ते गाणं वाजवा. म्हणून वाशीमचे गफूरभाई फोनो आणि भोंगा घेऊन आले होते.

पण आमच्याकडे लग्नात बाया गाण्यातूनच व्याह्यांचा उद्धार करतात. तीच सवय नडली. 'गेलास, बरं झालं' हा आपल्या पोराला टोमणा आहे, असं नामदेवरावानं ठरवून टाकलं. गफूरभाई उठायच्या आत त्यानं तबकडी उचकटली, गुडघ्यावर आपटली, दोन तुकडे केले.

माझा तोल सुटला. "काकाजी, ते गाणं देवाचं आहे!"

"देव कायले जाईन रे सोडून? आमालेच टोमणा मारून राह्यले तुमी!"

तेवढ्यात पुढचं कडवं आलं, अंगणात पाऊल वाजल्याचं. नामदेवराव म्हणाला, पाहा, चोरून येणाराच आहे कोणीतरी. बाबा म्हणाले, परत आलेलं लेकरू आहे. दोन्हीकडचे बाह्या सारून पुढं झाले. ओळीओळीला आरोप, ओळीओळीला जवाब... वरात वापस निघालीच म्हणायची.

"भाऊ," गफूरभाई हळूच म्हणाले, "तबकडी तं खाली पडेल हाय. मंग हे काय वाजून राह्यलं?"

सगळ्यांनी पाहिलं. दोन तुकडे नामदेवरावाच्या पायाशी. फोनोची चकती थांबलेली, सुई हवेत. आणि लिंबावर टांगलेला भोंगा गातच होता — शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत. मग थांबला.

नामदेवरावाचा चेहरा चुन्यासारखा. एकदम मवाळ आवाजात म्हणाला, "मुहूर्त टळून राह्यला, भटजी." लग्न लागलं!

गफूरभाईंनी माझ्यासमोर फोनो खिळा न् खिळा उकलला. काही सापडलं नाही. शहाणे मला म्हणतात, भास झाला असेल. अरे, भास एकाला होईल. मांडवातल्या अख्ख्या वऱ्हाडाला होतो का? तळपायाची आग मस्तकात जाते.

पाठवणीच्या वेळी कमलला विचारलं, भोंगा गाताना सगळे मागं सरले, बाशिंग बांधून तू एकटीच जागची हलली नाहीस, भ्याली नाहीस का गं?

"कायले भिऊ?" ती म्हणाली. "पुरं आयकायचं होतं मले. आयकलं."