फेलिमची गाडी आणि कौन्सिलचा रस्ता

माझा दीर फेलिम याला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या: मनगटात जोर आणि डोक्यात हट्ट. उमेदीची वर्षं त्याने डेअरीचा टँकर चालवला, लग्न केलं नाही, आणि आता आमच्या अंगणापलीकडे आईजवळ राहतो. सुतळीचा तुकडाही टाकून देत नाही आणि चूक म्हणून कबूल करत नाही. त्याच्यासाठी मी रोझरीच्या जपमाळेचा एक फेरा वेगळा म्हणते. अजून गुण आलेला नाही.

सासूबाईंच्या किडन्या गेल्यापासून त्यांना दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी शहरात डायलिसिसला न्यावं लागतं. माझे यजमान उजाडायच्या आत कामावर जातात, मला गाडी येत नाही. म्हणजे नेणार फेलिमच, त्याच्या जुन्या निळ्या गाडीतून.

आमचा रस्ता दलदलीवरून जातो. खाली जमीन मऊ, त्यामुळे वर डांबराच्या लाटा. इथे जन्मलेला प्रत्येक माणूस त्यावर हेलकावे खातच मोठा झाला. अंडी फुटली, दूध नासलं, कंबर धरली, तरी दोष रस्त्याला. त्यामुळे फेलिमची गाडी होडीसारखी डुलायला लागली तेव्हा गाडीकडे कुणी पाहिलंच नाही. तो मात्र रस्ता नीट करा म्हणून कौन्सिलशी भांडत राहिला. निवडणुकीला मतं मागायला कुणी दारात आला की फेलिम त्याला गाडीत कोंबायचा आणि दलदलीवरून फिरवून आणायचा. माणूस परत यायचा तो पांढराफटक.

शेवटी या उन्हाळ्यात रस्ता झाला. टेबलासारखा सपाट. फेलिम आठवडाभर छाती काढून फिरला.

नव्या रस्त्यावरून पहिल्यांदा निघालो तेव्हा मी मागे बसले होते. चर्चच्या वळणावर त्याने ब्रेक लावला, तर गाडीने वेदीसमोर गुडघा टेकावा तसं नाक खाली घातलं, आणि उठली ती डुलतच राहिली. सासूबाईंनी रुमाल तोंडाशी धरला.

"फेलिम, रस्ता झाला ना रे?"

"झाला आई."

"मग हे काय?"

"डांबर ताजं आहे. बसायचंय अजून."

शुक्रवारी सासूबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. "मी येत नाही. मरण यायचं तर इथे चुलीपाशी येऊ दे. त्या गाडीत ओकत नको." किती विनवलं, हलल्या नाहीत. शुक्रवार चुकला. संध्याकाळपर्यंत त्यांचे घोटे कणकेसारखे सुजले. सोमवारही चुकला तर काय, ते नर्सने फोनवर मला स्पष्ट सांगितलं.

माझा संयम संपला. अंगणात जाऊन मी गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकला आणि हात सोडला. धड गाडी एकदा वर येऊन गप्प बसते, एवढं माझ्या भावाने मला दाखवलेलं होतं. ही वर, खाली, पुन्हा वर. चाकामागे वाकून पाहिलं तर धक्के झेलणारा शॉकअप काळा, ओशट, त्यावर धुळीचा थर. टायरवर हात फिरवला, तर मध्येमध्ये खळगे पडलेले.

"फेलिम, इकडे ये. हे बघ, तेल गळतंय."

"चिखल आहे तो."

"चिखलाला तेलाचा वास येतो?"

मी आत जाऊन पवित्र पाण्याची बाटली आणली आणि बॉनेटवर शिंपडायला लागले. फेलिम म्हणाला, "वरून कशाला शिंपडतेस बर्नी? आतच भर की. तेल तर गेलंच आहे."

"म्हणजे गेलंय ना?"

तो शेडमध्ये गेला.

शनिवारी त्याने नवा शॉकअप आणला आणि फक्त डावा बदलला. आई डावीकडे बसते, हे त्याचं कारण. मी म्हटलं, "दोन्ही बाजूंचे जोडीने बदलतात ना?" तर म्हणे, "उजव्यावर मी बसतो, मला कळत नाही?" बोल्ट गंजलेले. अर्धा दिवस हातोडा आणि शिव्या. मग तो ती जाडजूड स्प्रिंग शिकंज्यांत आवळून दाबत होता तेव्हा मी स्वयंपाकघरात डोळे मिटून उभी राहिले. ती सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते.

रविवारी चर्चमध्ये मिसाला निघालो. गाडी एका पायात बूट घातलेल्या माणसासारखी लंगडत होती. सासूबाई आमच्या फाटकापाशीच उतरल्या. "त्यापेक्षा आधीची बरी होती," म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

उद्या सोमवार. आज दुकानं बंद.

"आता दुसरा कुठून आणणार?" मी ओरडले.

फेलिम जमिनीकडे बघत म्हणाला, "शेडमध्ये फळीवर आहे. दुकानदार एकटा देईना. जोडीच घ्यावी लागली. म्हटलं, पुढं कधीतरी लागेल."

देवा, मला क्षमा कर, पण त्या घटकेला मला तोच शॉकअप त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. मिसाहून परत आल्यावर मी ॲप्रन बांधला. रविवारी, देवाच्या दिवशी, हातात पाना धरू नये हे मला कुणी शिकवायला नको, पण सासूबाईंचे घोटे मी पाहिले होते. मी खालून शॉकअप उचलून धरला, तो वर नट आवळत होता.

"धर."

"धरलंय."

"काही बोलू नकोस."

"मी कुठं बोलले?"

"बोलणार होतीस."

सोमवारी सासूबाईंना मी जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं आणि मागे बसले. त्यांनी डोळे मिटून माळ धरली. चर्चचं वळण आलं, फेलिमने ब्रेक लावला. गाडी जरा झुकली आणि जागच्या जागी शांत झाली. सासूबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"पाहिलंस का फेलिम? तू म्हणालास तेच खरं. डांबर बसलं आता."

माझं तोंड उघडलं. आरशात फेलिमचे डोळे दिसले, कधी नव्हे ते केविलवाणे.

"हो आई," तो म्हणाला. "बसलं."

मी तोंड मिटलं आणि माळ काढली. हा फेरा माझ्यासाठी होता.