गुलाबी डांबरगोळ्या

माझ्या घरात डांबरगोळी नाही, सेंट नाही, वासाची पावडर नाही. अगरबत्ती बुद्धवंदनेपुरती, तीही बाहेर ओट्यावर. सून शेजारणींना सांगते, आमच्या सासूबाईंना वासाचं वावडं आहे. सांगू दे बापडी. एके काळी मी वासासाठी जीव टाकत होते, हे तिला कुठे ठाऊक आहे!

सत्तरनंतरची तीन-चार वर्षं मी मामाकडे कारंज्याला राहून शाळा शिकले. मामा कापसाच्या बाजारात हमाल. वर्गात माझ्या बाकावर एका धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी बसायची. तिच्या पोलक्याला, रुमालाला, अगदी दप्तरालाही एक गार, नाकात शिरणारा वास असे. एक दिवस ती उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "हिच्या कपड्यांचा वास येतो." मी रोज न्हाऊन, धुतलेले कपडे घालून जात होते हो! चुलीचा धूर लागला असेल तेवढाच. पण ती जे नाक मुरडून गेली, त्यात माझा मामा, आमची वस्ती, सगळं आलं. बाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, आपल्याला तिच्यासारखा वास आला की झालं.

तो वास डांबरगोळ्यांचा होता, हे मी दुसऱ्या एका मुलीकडून काढून घेतलं. मॅट्रिक होऊन मेडशीजवळच्या आमच्या गावी परत आले, तेव्हा बाजारातून एक डबा घेऊनच आले. साध्या पांढऱ्या नव्हेत, गुलाबी, गुलाबाचा वास मारलेल्या. डब्यावर मोठं गुलाबाचं फूल. दुसरं काहीही लिहिलेलं नव्हतं.

त्याच साली अक्का, माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला मानोऱ्याहून माहेरी आली. आमच्याकडे तान्ह्या लेकराला नवं कापड घालत नाहीत. नवं टोचतं. मायच्या, आजीच्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवायची, त्यातच ते गुंडाळायचं. मायनं सहा महिने आधीच बारा दुपटी शिवली होती. पेटीत ठेवायचं काम माझं. मी प्रत्येक घडीत दोन-दोन गोळ्या घातल्या, वरून पावडर भुरभुरली. मनात म्हटलं, आपल्या घरात जन्मलेल्या लेकराला कोणी नाक मुरडून दाखवावं आता!

दिवस भरत आले तशी माय म्हणाली, "ते दुपटे धुऊन काढ वं पोरी, अन् चार दिस उनात घाल. पेटीचा दर्प गेला पाह्यजे."

"हो, घालते," म्हटलं मी. घातली नाहीत. उन्हात घातली की वास उडून गेला असता. मायला सांगितलं, घातली होती. एवढंच खोटं मी बोलले, आणि ते काही मोठं वाटलंही नाही.

मुलगा झाला. गोरापान, रडका, छान. सुईणीनं तेलानं रगडला आणि मी पुढे केलेल्या दुपट्यात गुंडाळला. खोली गुलाबानं भरून गेली. अक्का हसून म्हणाली, "साहेबाच्या घरचं लेकरू वाटून राह्यलं हे." माझी छाती अशी फुगली!

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी तळवे. मुतलेलं फडकं चहा सांडल्यासारखं. शेजारीण म्हणाली, पलीकडच्या गावात कावीळ उतरवणारा आहे, माळ घालतो. बाबा गावच्या शाळेत मास्तर, धम्म घेतलेला माणूस, ते कडाडले, "गंडेदोरे या घरातून गेले ते गेले. अकोल्याले चाला." तेव्हा आमचा जिल्हा अकोलाच. पहाटेची एसटी धरली. लेकरू दूध ओढेना, मान मागे टाकून बारीक किंचाळत होतं. वाटेत ते ओलं झालं तसं मीच पिशवीतलं कोरडं दुपटं काढलं आणि त्याला पुन्हा गुंडाळलं. घाट गेला, पातूर गेलं, मी त्याला छातीशी घट्ट धरून बसले होते. हे आठवलं की आजही हात कापून टाकावेसे वाटतात.

दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी लेकराचं दुपटं सोडलं आणि तिथेच थांबल्या. दुपटं नाकाशी नेलं.

"हे कशात ठेवलं होतं?"

 उत्तराची वाट न बघता चढ्या आवाजात म्हणाल्या, "काही मुलांचं रक्तच असं असतं, की डांबरगोळ्यांच्या नुसत्या वासानं फुटायला लागतं. अंगाला तेल असेल तर आणखी लवकर. आईबापांना आधी कळत नाही. फेका ते सगळं बाहेर! कोणी ठेवल्या गोळ्या?"

 पुढच्या पंधरवड्यात वाशीमचं एक स्थळ मला पाहायला येणार होतं. मायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं कळलं, न घातलेलं ऊनसुद्धा. ती पुढे झाली आणि म्हणाली, "म्या ठेवल्या, बाई. अडाणी हावो आमी. मले काय मालूम!"

अक्का मायकडे बघतच राहिली. मी खाली फरशीकडे पाहत होते. तोंड उघडायला तेव्हा एक क्षण पुरला असता.

बाबांचं रक्त दिलं, लेकराचं बदललं. जीव वाचला. आम्ही सुटलो म्हणून रडलो. तो सात-आठ महिन्यांचा असताना एकदा अक्काच्या हातून पितळी परात फरशीवर पडली. सगळे दचकले. तो परातीकडे पाठ करून बोटं चोखत होता, तसाच राहिला. अक्कानं परात उचलून पुन्हा आपटली. पुन्हा आपटली. कावीळ मेंदूपर्यंत गेली होती; पुढे चालायलाही तो फार उशिरा लागला, तेही वाकडं.

माझं लग्न वाशीमला झालं, थाटात. अक्का आली नाही.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. तिनं निरोप धाडला, बाळंतपण सासरीच करीन. मायनं तरी पुन्हा बारा दुपटी शिवली. पेटीत ठेवलीच नाहीत. आठ दिवस उन्हात, रात्री दोरीवर, सोबत नुसता कडुनिंबाचा पाला. गाठोडं घेऊन ती एकटी मानोऱ्याला गेली. येताना वाशीमला माझ्याकडे उतरली, आणि गाठोडं तिच्या काखेतच होतं.

"नाही घेतले तिनं," खाली बसत ती म्हणाली. "दारातच उभी राह्यली. एकेक उचललं, हुंगलं, अन् माह्या हातात परत देल्लं. म्हणे, वास येते."

तिनं गाठ सोडली. एक दुपटं माझ्यापुढे धरलं.

"तू पाह्य बरं हुंगून. तुले येते काय?"

मी तोंड त्यात खुपसलं. उन्हाचा वास होता, कडुनिंबाचा होता, आणि खालून मायच्या लुगड्याचा. तो चुलीच्या धुराचा, तोच.

"नाही येत, माय."

"मंग तिले काहून येते वं?"

मायला ठाऊक होतं. तरी तिनं मला विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत बसली. मी म्हटलं, चहा ठेवते. आणि उठले. आत स्टोव्ह पेटवताना मला ऐकू येत होतं, ती एकेक दुपटं झटकून घडी घालत होती. बाराही झाली, गाठ मारली, तरी मी बाहेर गेले नाही.