खड्ड्यातले खुंट

राष्ट्राची उभारणी मातीतून होते. आमच्या देवणीकडच्या तलावावर ती मातीच्या खुंटांवर उभी होती. रोजगार हमीवर खोदताना जागोजागी एकेक खुंट न खोदता सोडायचा. त्याच्या उंचीवरून खोली मोजायची, मग मजुरी निघायची.

परवा लातुरात घरासमोर नळासाठी चर खोदला. त्या ताज्या मातीच्या वासाने दुष्काळातली एक दुपार परत आणली. मंत्री श्रमाचा गौरव करायला तलावावर येणार होते. खोदलेल्या तळातच घातलेल्या मंडपातल्या खुर्च्या डगमगू नयेत म्हणून मुकादमाने तळ सपाट करायला सांगितला, आणि आम्हीच हौसेने खुंट फोडले.

भाषणं झाल्यावर मोजणीचे साहेब आले. "खुंट कुठं गेले? जमीन आधी केवढी उंच होती, कशावरून धरू?"

"आमच्या हातावरून धरा की, साहेब." आईने फोडांनी भरलेले तळवे पुढे केले. "घरात पीठ न्हाई. लेकरं उपाशी हायत."

साहेबांनी तळवे पाहिले आणि टेप गुंडाळला. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, तळव्यांसाठी रकाना त्यांनाही कुणी दिला नव्हता.

त्या आठवड्याची मजुरी निघालीच नाही. मंडपवाल्याच्या बिलासाठी मंडपाचं माप मात्र त्याच संध्याकाळी खांबांवरून घेतलं गेलं.