ड्रॉवरमधल्या चार दांड्या

मला मिस्त्रींचा सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं वाचताना मी कुणाला साधाभोळा वाटायला नको. दीड वर्ष मी टायर खोलता खोलता मनातल्या मनात त्या माणसाला कुठं ना कुठं खाली पाडत होतो.

मी मूळचा नांदेडातल्या किनवटकडचा. आठवीत शाळा सोडली. कुणी काढलं नाही, मीच जायचा थांबलो. गावचा एक जण हंगामात पारगावच्या कारखान्यावर ऊस वाहायला ट्रक घेऊन यायचा. त्याच्या शेजारी बसून इकडं आलो. मंचरच्या अलीकडं हायवेला त्याच्या ट्रकचा क्लच गेला, म्हणून एका गॅरेजच्या दारात उतरलो. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला, मी राहिलो.

तिथल्या मालकांनी, म्हणजे मिस्त्रींनी, माझं नाव-गाव विचारायच्या आधी हातात पाना दिला. गॅरेजच्या माळ्यावर झोपायला जागा दिली आणि घरचं दोन वेळचं जेवण. जेवण काकू करायच्या, म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी. पहिल्या दिवाळीला काकूंनी माझ्यासाठी वेगळं उटणं आणि साबणाची नवी वडी काढून ठेवली होती. आमच्या घरी एका वडीवर सगळं घर अंघोळ करायचं. ती वडी मी दोन दिवस कागदातून काढलीच नाही. हे उपकार मी कधी नाकारले नाहीत, आजही नाकारत नाही. म्हणून तर राग इतका साचला.

सात वर्षं मी तिथं काढली. गाड्यांखाली आयुष्य घालवल्यामुळं मिस्त्रींची कंबर धरायची. गॅरेज बंद केलं की मी तेल लावून चोळून द्यायचो. कुठं बोट दाबलं की हा माणूस श्वास रोखतो, ते मला पाठ झालं होतं.

शॉकअप तपासायची त्यांची एक पद्धत होती. बंपरवर गुडघा टेकवायचा, अंगाचं वजन टाकायचं आणि सोडायचं. गाडी वर येऊन तिथंच थांबली तर शॉकअप चांगला, डुलत राहिली तर गेलेला. आंबेगाव काय, जुन्नर काय, लोक त्या गुडघ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. मीही ठेवायचो.

मग महाळुंगे पडवळचे एक बागायतदार आले. त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांच्याकडं डोंगरात चालणारी मोठी पिकअप होती. तिचे कंपनीचे शॉकअप कॉम्प्युटरवर चालणारे होतेच, पण दादांना त्याहून लांब आणि दणकट हवे होते, बाहेरच्या देशातून मागवलेले. शिवाय गाडी दोन इंच उचलायची होती. दादांच्या वडिलांना बैलगाडा शर्यतीचा भारी नाद. त्यांना उंच गाडीत बसवून घाटाघाटाला, म्हणजे गाडे पळतात त्या मैदानांवर, न्यायचं, ही दादांची हौस.

पार्सल आलं. त्यात शॉकअप, वायरिंग, एक इंग्रजी पुस्तक आणि प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत चार लांब दांड्या. मला इंग्रजी येत नाही. मी मोबाईलचा कॅमेरा त्या पानांवर धरून मराठी करून वाचलं. भाषांतर वेडंवाकडं होतं, पण चित्रं सरळ होती. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. त्याची दांडी चाकाच्या बाजूला जोडलेली असते. चाक आणि बॉडी यांच्यात किती अंतर आहे ते ही दांडी कॉम्प्युटरला सांगते आणि त्यावरून शॉकअप मऊ व्हायचा की कडक ते ठरतं. गाडी उचलली की जुनी दांडी आखूड पडते. पुस्तकात आखूड दांडीवर लाल फुली होती आणि लांब दांडीवर हिरवी खूण.

मी मिस्त्रींना चित्र दाखवलं. ते म्हणाले, जुन्या दांड्या चांगल्या आहेत, कंपनीच्या आहेत, दांडीला काय होतंय. मी परत म्हणालो. मग त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. सगळं बसल्यावर त्यांनी चावी बंद असलेल्या गाडीवर गुडघा टेकवला. गाडी दगडासारखी घट्ट. मिस्त्री खूश झाले. पण या शॉकअपना वीज नसली की ते आपोआप कडक होतात, हेही त्याच पुस्तकात होतं. त्या गुडघ्याला कॉम्प्युटर कळत नव्हता. आणि हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

नंतर काय झालं ते मला आता दोन वाक्यांत सांगता येतं. आखूड दांड्यांमुळं गाडीला दिवसभर वाटत राहिलं की आपण उडी मारलीय, चाकं हवेत लोंबकळतायत आणि आता खाली आदळणार. म्हणून ती आपटण्याच्या तयारीत सगळे शॉकअप आवळून धरायची, सपाट डांबरावरसुद्धा.

चौथ्या दिवशी दादा परत आले. वडिलांना घेऊन डिंगोऱ्याच्या शर्यतीला निघाले होते, अर्ध्या वाटेतून फिरले. म्हाताऱ्याच्या कंबरेत उसण भरली होती. गॅरेजमध्ये तेव्हा पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती. मिस्त्रींनी एकदा दादांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मी जेवायला गेलो व्हतो, तेवढ्यात यानंच हात घातला अन् शॉकअप घालवले," ते म्हणाले. "आठवी नापास माणूस. याच्या भरोशावर सोडलं ही माझी चूक."

मी नापास नव्हतो, परीक्षेलाच बसलो नव्हतो. पण माळ्यावरची जागा डोळ्यांपुढं आली. किनवट किती लांब आहे ते आठवलं. मग मिस्त्री म्हणाले, दादांच्या पाया पड. आणि मी पडलो. दादांच्या चपलांना शेण लागलेलं होतं, ते माझ्या बोटांना लागलं. कुणीतरी हसलं. मिस्त्री हसले नाहीत. ते नुसते सुटल्यासारखे दिसले, आणि तेच मी विसरलो नाही.

महिन्याभरात मी तिथून निघालो. पण माझी ओळख माझ्या आधी पोचायची. मंचर म्हणू नका, कळंब म्हणू नका, ज्या गॅरेजात जावं तिथं विचारायचे, शॉकअप घालवले तो नांदेडवाला तूच का. शेवटी नारायणगावात टायरचं दुकान असलेल्या शेठनी ठेवून घेतलं. शेठचं घराणं राजस्थानातलं, पण त्यांची मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. ते म्हणाले, टायर बदल, पंक्चर काढ, बाकी कशाला हात लावू नको. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. त्या गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

दीड वर्ष टायर बदलले. एका बाजूला मोबाईलवर त्या शॉकअपबद्दल मिळेल ते बघत, वाचत राहिलो. कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं. टायरमधून निघालेला प्रत्येक खिळा मी चिमट्यात धरून क्षणभर बघायचो आणि मिस्त्री आठवायचे.

आणि एक दिवस ती पिकअप आमच्याच दुकानात आली. दादांना टायर बदलायचे होते. ते शेठशी बोलत होते की हे शॉकअप आता काढूनच टाकायचे, साधे बसवायचे, वडील गाडीत पाय ठेवत नाहीत. मी जॅक लावला, चाक काढलं आणि आत डोकावलो. जुनी आखूड दांडी तशीच होती, शेवटापर्यंत ताणलेली. चारही चाकांना तेच.

बोलावं की नाही? मी चुकीचा ठरलो तर हेही दार बंद. शेठना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, खात्री किती? मी म्हणालो, सोळा आणे. शेठनी दादांना हाक मारली.

दादांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "तू तोच ना? पाया पडलेला?"

"हो दादा, तोच."

मी सगळं सांगितलं. फोनमध्ये त्या पानांचे फोटो अजून होते, ते दाखवले. दादा बराच वेळ फुली आणि खूण बघत राहिले. मग म्हणाले, लांब दांड्या आता कुठं मिळणार?

इथं मी खोटं बोललो. तशा दांड्या नारायणगावात कुठल्याही लेथवाल्यानं लोखंड कातून संध्याकाळपर्यंत करून दिल्या असत्या. मी म्हणालो, त्याच लागतील, आणि त्या मिस्त्रींच्या ड्रॉवरमध्ये आहेत. शेठनाही हे ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मला दादांबरोबर जाऊ दिलं.

रस्त्यात मी दादांना एक विनंती केली. पोचल्यावर लगेच काही बोलू नका, आधी मिस्त्रींना मागच्या सीटवर बसवून कालव्याच्या कडेनं एक चक्कर मारू. दादा म्हणाले, कशाला? मी म्हणालो, गाडी आदळल्याचा आवाज नेमका कुठून येतो ते मिस्त्रींनाच कळेल.

मिस्त्री मला बघून थबकले, पण दादांना नाही म्हणणं त्यांना जमणार नव्हतं. बसले. मी पुढं बसलो, आरशात त्यांचं तोंड दिसेल असा. कालव्याचा रस्ता मला पाठ होता. पाण्याच्या मोऱ्यांवरचे उंचवटे कुठं, उखडलेली खडी कुठं, सगळं. दादांना म्हणालो, वेग कमी करू नका, नाहीतर आवाज येणार नाही. पहिल्या मोरीला मिस्त्रींनी वरचं हँडल धरलं. दुसरीला त्यांनी श्वास रोखला. तो श्वास मी ओळखला. माझ्या अंगठ्याखाली तो मी शेकडो वेळा ऐकला होता. तिसऱ्या मोरीला त्यांच्या तोंडून आवाज निघाला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकं बरं मला या भागात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं. मी दादांना म्हणालो, अजून थोडं पुढं जाऊ.

परत आल्यावर मिस्त्री दार धरूनच उतरले. गॅरेजात चार माणसं होती, दोन कामाची, दोन गिऱ्हाईकं.

"मिस्त्री, ड्रॉवरमधली पिशवी द्या," मी म्हणालो.

कुठली पिशवी, असं त्यांनी विचारलं नाही. जुन्या पावत्या आणि स्पार्क प्लग बाजूला सारून त्यांनी ती काढली. सील तसंच होतं.

सगळ्यांसमोर मी ती फोडली. चारही दांड्या बदलल्या. गाडी सपाट जागेवर घेतली, चावी चालू केली, आताची उंची हीच बरोबर असं कॉम्प्युटरला शिकवलं. तासाभराचं काम. मिस्त्री स्टुलावर बसून बघत होते. मग मी त्यांना म्हणालो, चला, परत बसा. ते म्हणाले, राहू दे. दादा म्हणाले, बसा मिस्त्री.

तोच रस्ता, तोच वेग. गाडी मोऱ्यांवरून अशी गेली की दादांनी दुसऱ्या मोरीनंतर वळून मागं बघितलं, मोरी गेली का म्हणून. मिस्त्रींनी हँडल धरलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून ते बाहेर ऊस बघत होते.

गॅरेजात उतरल्यावर दादांनी विषय काढला. म्हणाले, त्या दिवशी पाया पडायला लावलं होतं तुम्ही, आता कुणी कुणाच्या पडायचं ते बघा. मिस्त्री खरंच वाकायला लागले. त्यांची कंबर निम्म्यात अडली. मी त्यांना अडवलं, पण दया आली म्हणून नाही. पायांचं मला काय करायचं होतं? माझं नाव गेलं होतं ते बोलण्यानं.

मी म्हणालो, "पाया नका पडू. झालं काय ते सांगा. इथंच."

मिस्त्री खाली बघत काहीतरी पुटपुटले. कॉम्प्रेसर चालू होता, काही ऐकू आलं नाही. मी चालत गेलो, कॉम्प्रेसर बंद केला, परत आलो.

"आता सांगा."

"दांडी मीच बदलली न्हाई," ते म्हणाले. "यानं दोनदा सांगितलं व्हतं. चूक माझी व्हती, नाव याचं घेतलं."

उभ्या गिऱ्हाइकांतल्या एकानं गाडीवरचा हात काढला आणि माझ्याजवळ आला. म्हणाला, "पावणं, तुमी बसता कुठं? माझी पण गाडी मागनं लई आदळती." मी त्याला शेठच्या दुकानाचा पत्ता सांगितला. मिस्त्रींच्या दारात उभं राहून, मिस्त्रींच्या गिऱ्हाइकाला, मोठ्यानं.

तेव्हा मला काकू दिसल्या. घराच्या दारातून चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या आणि किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी आधी दादांना चहा दिला, मग गिऱ्हाइकांना, मग कामाच्या माणसांना. मिस्त्रींच्या हातात कप नीट धरवून दिला. शेवटी माझ्यापुढं आल्या. मी कप घेतला.

"झालं तुझ्या मनासारखं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"झालं काकू."

"मला आधी सांगायचं व्हतंस. मी बोलले असते त्यांच्याशी."

खरंच बोलल्या असत्या, आणि ते मला माहीत होतं. पण त्यांनी घरात बोलून काय झालं असतं? मिस्त्री एखाद्या दिवशी मला बाजूला घेऊन चुकलं म्हणाले असते आणि नारायणगावात मी तोच शॉकअप घालवणारा राहिलो असतो. चहात साखर दोन चमचे होती, मी घेतो तेवढी. तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, कप विसळून ट्रेमध्ये ठेवला आणि गाडीत बसलो.

आता शेठच्या दुकानामागं गाडीखाली उतरून काम करायचा माझा खड्डा आहे. शॉकअपची कामं मीच करतो. दादांचे वडील पुन्हा शर्यतींना जातात. मिस्त्रींची निम्मी गिऱ्हाईकं माझ्याकडं आलीत आणि एकालाही मी परत पाठवलेलं नाही. त्या दिवसाचा मला पस्तावा होत नाही. काकूंकडं मात्र मी त्यानंतर गेलेलो नाही. कुठल्या तोंडानं जेवायला बसणार?