आदल्या दिवशीची बातमी

आमच्या साप्ताहिकात मोर्चाची बातमी मोर्चाच्या आदल्या दिवशीच लिहून तयार असायची. हे ऐकून कुणाला धक्का बसला तर बसो, मला चार वर्षं बसला नव्हता. अंक शुक्रवारी सकाळी स्टॉलवर जायचा, म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत पानं छपाईला गेलीच पाहिजेत. आणि वसईतल्या तमाम संघटनांना मोर्चे, निवेदनं, घेराव यांच्यासाठी गुरुवारची दुपारच आवडायची, कारण त्या दिवशी साहेब लोक जागेवर सापडतात म्हणे. मग काय, बुधवारी संध्याकाळीच प्रेसनोट यायची. ‘शेकडो नागरिक मोठ्या संख्येने सहभागी झाले होते.’ शेकडो, आणि वर मोठ्या संख्येने! मी त्यातलं ‘मोठ्या संख्येने’ काढायचे, ‘शेकडो’ ठेवायचे आणि पान पुढे सरकवायचे.

मी मूळची कणकवलीकडची. नायगावला टॉवरमध्ये राहायला आलो तेव्हा मुलं मोठी झाली होती, नवरा सकाळी जायचा तो रात्री यायचा. घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी या साप्ताहिकात लागले. खाली संपादकांचा छापखाना, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणारा. वर दोन खोल्या, तिथे साप्ताहिक. मी बातम्या नीट करायचे, शुद्धलेखन तपासायचे आणि चहा सांगायचे. बाहेर बातमी आणायला जाणारं कुणीच नव्हतं. बातम्याच चालत यायच्या.

सगळ्यात जास्त चालत यायच्या त्या एका नागरी समितीच्या. अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं. पहिल्या भेटीत त्यांनी मला ‘ताई’ म्हटलं आणि समोर पेढ्यांचा पुडा ठेवला. त्यांच्या प्रेसनोटमध्ये चूक सापडायची नाही, फोटो स्वच्छ, फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहिलेली. खोटं कशाला बोलू, त्यांनी कामंही केली होती. आमच्या स्टेशनबाहेरचे बंद पडलेले दिवे त्यांच्याच पाठपुराव्यामुळे लागले. पण एका रिक्षा थांब्यासाठी ‘समितीच्या लढ्याला यश’ असं आम्ही दोन वर्षांत तीनदा छापलं, आणि थांबा मात्र अजून झाला नव्हता. माझ्याच हातची तिन्ही शीर्षकं. समितीत माणसं किती, त्यांना निवडलं कुणी, मागणी मान्य झाली तर कागद कुठे आहे, हे विचारायचं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. दर आठवड्याला अर्धं पान भरून देणाऱ्या माणसाला असं कुणी विचारतं का?

उलट ज्यांच्याकडे लेटरहेड नाही, ती माणसं आमच्या पेपरात नव्हतीच. कामणच्या बाजूच्या एका पाड्यावर आठ दिवस पाणी नव्हतं, तिथला माणूस फोनवर सांगत होता. मी त्याला म्हटलं, लेखी पाठवा, सोबत फोटो पाठवा. त्याने काही पाठवलं नाही, मी काही छापलं नाही. माझ्या लेखी विषय संपला.

पाचूबंदरच्या एका बाईकडून मी सुकी मासळी घ्यायचे. बाजारात तिची जागा ठरलेली होती. साठीच्या पुढची, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून यायचं. भाव कमी करायला सांगितला की म्हणायची, “बाय, तू पेपरात शब्द कमी करतेस ना, तसा भाव मी नाय करत.” दर शुक्रवारी ती आमचं साप्ताहिक विकत घ्यायची, पाव आणायला जाताना. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती, सगळं वाचायची, मृत्यूच्या बातम्यांपासून शेवटच्या पानावरच्या राशीभविष्यापर्यंत. माझा पेपर एवढा मन लावून वाचणारी दुसरी वाचक मला माहीत नाही.

एका शुक्रवारी तिने बोंबील बांधून दिले आणि माझा हात सोडला नाही. “बाय, आमच्या वलांड्या जातात बग.”

वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडण्या. जेट्टीच्या वाटेवर मोकळ्या जागेत तिच्या आणि आणखी वीस-पंचवीस बायकांच्या वलांड्या होत्या. तिच्या सासूच्याही तिथेच होत्या. आता त्या जागेवर वाहनतळ आणि बाग करायचा आराखडा निघाला होता. सुट्टीच्या दिवशी किल्ला बघायला माणसं गाड्या घेऊन येतात, त्यांची सोय. हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्या, अशी पालिकेची नोटीस लागली होती. त्यातले दहा दिवस उरले होते. सातबारा नाही, कागद नाही, पिढ्यान् पिढ्या वापरतो एवढंच. हरकत नोंदली गेली नाही तर या बायका तिथे होत्या हेच कुठे नोंदलेलं राहणार नव्हतं.

“पेपरात घाल,” ती म्हणाली.

मी काय म्हटलं असेल? “मावशी, तुमच्या मंडळाकडून लेखी आणा ना. आणि त्या विषयावर समिती काम करतेच आहे.”

“कंची समिती? आमच्याकडं तर कोनी आलं नाय.”

मी हसून वेळ मारून नेली. बोंबलांची पिशवी घेतली आणि रिक्षात बसले. चार वर्षं तिच्या हातची मासळी खाल्ली, पण त्या वलांड्या मी एकदाही जाऊन पाहिल्या नव्हत्या.

त्यानंतरच्या बुधवारी समितीची प्रेसनोट आली. वाहनतळ आणि बागेच्या आराखड्याबाबत समितीच्या शिष्टमंडळाने अधिकाऱ्यांची भेट घेतली, कोळी बांधवांसह सर्व नागरिकांना हरकती देता याव्यात म्हणून मुदत पंधरा दिवसांनी वाढवून मिळाली, अध्यक्षांनी समाधान व्यक्त केले. मला बरं वाटलं! खरंच सांगते, मावशीचं काम परस्पर झालं असं वाटून मला हलकं वाटलं. भेट गुरुवारी दुपारी होती हे मला माहीत होतं, कारण अध्यक्षांनीच फोनवर सांगितलं होतं. म्हणजे न झालेल्या भेटीत मुदत मिळून समाधानही व्यक्त झालं होतं. पण आमच्याकडे असंच चालायचं, त्यात वावगं वाटायची सवयच गेली होती. पहिल्या पानावर शीर्षक दिलं: ‘हरकतींना पंधरा दिवसांची मुदतवाढ, समितीच्या लढ्याला यश’. ठळक, दोन ओळींत. मूळची मुदत सोमवारी संपत होती.

पुढच्या बुधवारी दुपारी मी नव्या प्रेसनोटांचा गठ्ठा घेऊन बसले होते, तर जिन्यावर पावलं वाजली. मावशी. कपाळाला घाम, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला आमचा अंक आणि एक अर्ज. अर्जाखाली तेवीस बायकांच्या सह्या, त्यातले चार-पाच अंगठे. खुर्ची दिली, पाणी दिलं. ती पाणी पिऊन म्हणाली, “घेत नाय ते. तारीक गेली म्हनतात.”

“कशी गेली? वाढवली होती ना?”

“मी पन तेच बोलले. पेपर दाखवला. तो क्लार्क बोलतो, पेपर काय आमी काडतो? कागद दाखवा.” मग तिने अंक टेबलावर पसरला आणि शीर्षकावर बोट ठेवलं. “सोमवारीच देनार होतो आमी. पन शुक्रवारी हे वाचलं. बोटी भरून आल्या होत्या, बोंबील टांगायचे होते. म्हटलं, हायत ना पंधरा दिवस. बाय, तू लिवलंस ना हे?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, जणू मी सांगणार होते की हे दुसऱ्या कुणी लिहिलं. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

“मीच लिहिलं,” मी म्हटलं.

तिच्यासमोरच अध्यक्षांना फोन लावला. ते नेहमीसारखे गोड. “अहो ताई, त्या दिवशी साहेब रजेवर निघाले. भेट झालीच नाही. पण पुढच्या बैठकीत तो विषय लावून धरणारच होतो आपण.”

“मग मुदत वाढल्याचं लिहिलंत कसं?”

“वाढणारच होती हो! आणि लोकांचा उत्साह टिकवायला लागतो. तुम्ही एवढं मनावर का घेताय?”

“मला शुक्रवारी एक फोन करता आला नाही तुम्हाला?”

“तुम्हीही केला नाहीत ना,” ते म्हणाले. तेही साखरेतच.

माझं डोकं असं फिरलं की फोन आपटला आणि त्याची काच गेली. पण राग त्यांच्यावर जास्त की माझ्यावर, हे मला आजही धड सांगता येणार नाही. त्यांचं शेवटचं वाक्य खरंच होतं. एक फोन. पालिका कार्यालयाचा नंबर माझ्या टेबलाच्या काचेखालीच होता.

संपादक खालून वर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, चूक झाल्याचं छापायचं, पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. ते मावशीकडे बघेनात. “आत घेऊ ना, तिसऱ्या पानावर, खाली चौकटीत. मॅडम, दिवाळी तोंडावर आली आहे. समितीतल्या सहा जणांच्या शुभेच्छा जाहिराती आहेत आपल्याकडे. आपल्याच पायावर धोंडा कशाला?”

“साहेब, चूक पहिल्या पानावर केली, आणि माफी तिसऱ्या पानावर खाली मागायची? मग पुढच्या बुधवारपासून पानं तुम्हीच लावा.”

भला माणूस, फक्त भित्रा, आणि मी तरी कुठली शूर होते? शेवटी म्हणाले, “लिहा बाई. पण समितीचं नाव घालायचंच का?”

“यश छापताना घातलं होतं,” मी म्हटलं. पहिल्या पानावर समितीच्या नावासकट माफी लावली.

त्याच दिवशी मी साप्ताहिकाच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. आम्ही खात्री न करता चुकीची बातमी छापली, त्यावर विसंबून या तेवीस जणींनी अर्ज थांबवला, दोष आमचा आहे. संपादकांनी सही केली. ते घेऊन मी मावशीबरोबर कार्यालयात गेले. आमच्या लेटरहेडचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होत होता. क्लार्कने पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं, आत जाऊन आला आणि अर्ज घेतला. पोचवर शिक्का मारला. शिक्क्याखाली त्याने पेनाने लिहिलं, ‘मुदतीनंतर प्राप्त’. मावशीने ती पोच घडी घालून पोलक्यात ठेवली.

सुनावणी डिसेंबरात झाली. या वेळी मी स्वतः गेले, मागच्या खुर्चीत बसले. अध्यक्षांनी ‘कोळी बांधवांसह सर्व नागरिकांच्या वतीने’ बागेत बाकं वाढवायची सूचना केली. मावशी उठून म्हणाली, “माज्या वतीनं कोन बोलतो? मी हाय ना हितं.” सभागृहात हशा झाला, पण ती हसली नाही. मुदतीत आलेल्या हरकती आधी ऐकल्या. तेवीस जणींना शेवटची पाच मिनिटं मिळाली, आणि साहेबांनी स्वच्छ सांगितलं की हा अर्ज मुदतीबाहेरचा असल्यामुळे निर्णयात धरता येणार नाही, फक्त ऐकून घेतो.

ऐकून घेतलं. फेब्रुवारीत जागा गेली. आता तिथे पिवळे पट्टे मारलेत, शनिवार-रविवारी गाड्या लागतात. बायकांनी बांबू काढून नेले. मावशीने दोन मांडण्या घरामागे दाटीवाटीने लावल्यात, बाकीचे बोंबील ओलेच विकते. पूर्वीच्या निम्मेही सुकवून होत नाहीत. चूक माझी नसती तरी जागा गेलीच असती, असं संपादक मला समजावतात. गेलीही असती. पण मग ती या बायकांचं म्हणणं ऐकून, त्याला उत्तर दिल्यावर गेली असती, माझ्या शीर्षकामुळे नाही.

समितीने आम्हाला प्रेसनोट पाठवणं बंद केलं. दुसऱ्या एका साप्ताहिकात त्यांचे लढे यशस्वी होत असतात. आमची पानं आठाची सहा झाली आणि बातमीसाठी मला बाहेर पडावं लागलं. कामणच्या पाड्यावर जाऊन आले. पाणी आलं होतं, पण ते मी डोळ्यांनी बघून लिहिलं. समित्यांना आता मी कागद मागते. काही देतात, काही चिडतात, एकाने तर मला विकली गेलेली बाई म्हटलं. म्हणू दे.

मावशी माझ्यावर कधी चिडली नाही. बोंबील पूर्वीसारखेच बांधून देते, भाव पूर्वीसारखाच कमी करत नाही. साप्ताहिकही घेते. फक्त शुक्रवारी मी बाजारात गेले की टोपलीखालून अंक काढते, पहिल्या पानावरच्या बातमीवर बोट ठेवते आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आपल्या त्या आवाजात विचारते.

“बाय, हे झालंय, का व्हनार हाय?”

मी उत्तर देईपर्यंत ती बोट उचलत नाही.